किल्ली माझ्याकडे असते

डोकं सांभाळा, दार बुटकं आहे.
मुद्दामच, म्हणतात; घोड्यासकट आत शिरणारे
फार झाले होते त्या काळी.
उंबरठा मधोमध झिजलाय, पाय तिथंच ठेवा,
सातशे वर्षं कारुवेरेत सगळ्यांनी तिथंच ठेवलाय.

दगड आमच्याच खाणीतला. बोट फिरवा:
शिंपला. समुद्र होता इथं, माणसाच्या आधी.
खाणीतून ताजा काढला की करवतीनं कापावा,
रायच्या पावासारखा; वारा लागला की कडक होत जातो.
आमची माणसं तशीच, आई म्हणायची.
ती स्वतः मात्र शेवटपर्यंत मऊच राहिली.

वर बघा. तीन कमानी.
दोन बांधल्या गॉटलंडहून आलेल्या गवंड्यानं,
मग साथ आली.
तिसरी त्याच्या हाताखालच्या पोरानं, गावातल्याच,
नुसतं बघून बघून. जरा तिरकी आहे.
चव्वेचाळीस साली तोफगोळ्यानं पडल्या त्या पहिल्या दोन.
आता दिसतंय ते सिमेंट.

पुढं घंटा गेली. बाकं जळणाला गेली.
पाद्री लाऊर गेले, ते आलेच नाहीत.
आणि इथं सामुदायिक शेतीची पोती आली.
माझे वडील, एंडेल, कोठाराचे राखणदार.
हो, वेदीच्या जागी वजनकाटा होता.
अजून काही जण मला बघून बोलता बोलता थांबतात.

तुम्ही तार्तूहून आलात ते उत्तरेच्या भिंतीसाठी.
खाली कोरलेल्या रेघा: चार उभ्या, एक आडवी.
गवंड्यांचे दिवस, की दगड, की बिअरची पिंपं, कुणाला ठाऊक.
त्या काचेखाली ठेवणार तुम्ही.
आणि हातभर वर, पेन्सिलीच्या:
चार उभ्या, एक आडवी. वडिलांच्या. पोती.
त्यांवर चुना. तुमच्या कागदात लिहिलंय,
‘अलीकडची घाण’.
वाचता मलाही येतं.

शिडी लावा. तिसऱ्या ओळीपासून,
पन्नास सालचा हिवाळा.
चार उभ्या, आणि आडवी नाही.
चार उभ्या, आडवी नाही.
सोळा वेळा.
काट्याजवळ बसलेल्या, हिशेबाला पक्क्या माणसाची
सोळा वेळा चूक.
रात्री कुणाच्या दाराशी काय ठेवलं गेलं
हे गावानं कधी उच्चारलं नाही.
त्यांनीही नाही.
मी मोजलं, ते वारल्यावर,
ह्याच शिडीवर उभी राहून.

चुन्याची बादली तिकडं, कोपऱ्यात.
मी बाहेर बसते.
पायरीच्या फटीत राय उगवलीय, बघितलीत?
पोती ओढताना सांडलेल्या दाण्यांची.
आपली आपण पिकते, आपली आपण सांडते,
दर वर्षी तिथंच.
मघाशी आत येताना तुम्ही ती ओलांडून आलात.
तुडवली नाहीत.
मी बघत होते.