पांढरं शीड

"शिंगं केवढी होती?" देक्सिओस विचारतो.
"आणि दात? माणसाचे की बैलाचे?"
अरे, मी कुठे उतरले होते त्या भुयारात!
मी फालेरॉनच्या धक्क्यावर शिडं शिवणारी बाई.
मला विचाराल तर शिडाचं सांगेन.

शिडं दोन होती.
काळं आधीचंच. दर खेपेला तेच जायचं
सात मुलगे, सात मुली घेऊन,
आणि यायचं रिकाम्या बाकांवर सावली धरून.
पांढरं मी शिवलं.
जवसाच्या धाग्याच्या सत्तावीस पट्ट्या, हाडाची सुई,
दोऱ्याला मेण.
हा अंगठा बघा, भोक अजून बुजलेलं नाही.

म्हातारा राजा स्वतः आला धक्क्यावर,
एका चपलेचा बंद सुटलेला.
"जिवंत असलास तर पांढरं लाव," म्हणाला.
"हो बाबा," म्हणाला राजपुत्र,
तुम्ही म्हणता ना, कान भलतीकडे ठेवून,
अगदी तसंच.
मी शीड घडी करून पेटीत ठेवलं, तळाशी.
वर कांदे आले, तेलाचे बुधले, वाळवलेले मासे.
तळाशी ठेवलं. तिथं माझं चुकलं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे.
दोऱ्याचा गुंडा, काळोख, तो एक हंबरडा.
आमचा लिकॉन वल्ही मारायला होता त्या जहाजावर.
तो म्हणायचा, हंबरडा नव्हताच तो,
कुणीतरी आईला हाक मारत होतं.

मग चौदाच्या चौदा जिवंत! नाच, गाणी, द्राक्षरस!
(दोरा देणारी मुलगी वाटेतल्या बेटावर झोपलेलीच राहिली.
ते आज नाही. ती गोष्ट वेगळ्या रात्रीची.)
पेटी उघडायची आठवण कुणालाच झाली नाही.

सूनिऑनच्या कड्यावरून म्हाताऱ्याला
आधी टिंब दिसलं,
मग रंग.
समुद्राला अजून त्याचंच नाव आहे.

मुलं गप्प. तेवढ्यात थ्रासिला,
जिचे पुढचे दोन दात परवाच पडलेत,
विचारते, "आणि पांढलं शीड?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

कोरं होतं ग. कांद्याचा वास येत होता.
त्यातच गुंडाळलं म्हाताऱ्याला.
मोठं झालं त्याला ते, बरंच उरलं.
उरलेल्यावर तुम्ही बसला आहात.

अरे, उठता काय असे! बसा. कापडच आहे,
चांगलं शिवलेलं.
हं, तर शिंगं.
शिंगं होती इथपासून, देक्सिओस, जरा सरक,
पार त्या दारापर्यंत.