दोन ओळींमधली जागा

बेळगावचा कागद घाटातच अडला
तेव्हा सांखळीच्या सुंदराबाय धुमे हिने
नवऱ्याच्या कचेरीतली रद्दी उचलली,
सरकारी गॅझेटं,
आणि छापील ओळींच्या मधल्या जागेत
बाळबोध अक्षरात कादंबरी पुढे चालू केली.
प्रकरण सातवे.

मी पणजीला जुने कागद डकवतो.
गव्हाची खळ, मऊ कुंचला, सायीसारखा पातळ कागद.
वाचत बसू नये असा आमच्या कामाचा नियम.
वाचलं.

वरच्या ओळीत, पोर्तुगीजमध्ये:
शिपायांनी आफ्रिकेच्या बोटीवर चढायला नकार दिला,
सत्तरीत बंड, नागरिकांचे हक्क तहकूब.
खालच्या ओळीत: यमूच्या सासूने
मिठाची बरणी कुलपात ठेवली.

वर: रानात दोन बंडखोर ठार.
खाली: पेज उतू गेली.

कादंबरीत बंदूक नाही कुठेच.
फक्त एक विठोजी आहे.
चौथ्या प्रकरणात बैल बघायला म्हणून घाट चढला,
अकराव्यापर्यंत उतरलेला नाही.
तीनदा तिने त्याला उंबऱ्यापर्यंत आणलाय,
तीनदा खोडलाय.
एकदा वाळवंटीत बुडवलाय. तेही खोडलं, इतक्या जोरात
की टाक कागदातून आरपार गेला.
तिथे मला दोनदा ठिगळ लावावं लागलं.

गाठोडं घेऊन आलेला म्हातारा म्हणाला,
पणजीचा एक दूधभाऊ होता, राणू गावस.
त्याच पलटणीत.
मग?
मग काय, म्हणाला, आणि चष्मा पुसत राहिला.

नवव्या प्रकरणाच्या समासात, बारीक अक्षरात:
'आज झडती. पाखल्याने कागद हाती घेतले,
वर राजाचा मुकुट बघून
दोन्ही हातांनी परत फळीवर ठेवले.
पहिल्यांदाच कोणी माझं लिखाण इतकं जपून धरलं.'

शेवटचं गॅझेट माफीचं.
माफ केलेल्यांची नावं, दोन रकाने, दाट.
मधे तिने काहीच लिहिलेलं नाही.
शाईच्या बोटाचा माग तेवढा आहे,
पहिल्या नावापासून खाली, खाली,
पानाच्या तळाशी थांबलेला,
आणि तिथून, फिका होत,
पुन्हा वर.

तो डाग मी साफ केला नाही.
साहेबांना सांगितलं, निघत नाही.

बारावं प्रकरण कोऱ्या बेळगावी कागदावर.
त्यात विठोजीबद्दल कोणी विचारत नाही.
सासू मात्र
मिठाच्या बरणीला कुलूप लावायचं विसरते,
रोज.