तेरावा महिना

देस्से गावात, पियासाच्या उतारावर माझं दुकान आहे:
दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर,
भिंतीला ठोकलेली पांढरी चादर.
तिकिम्त महिना लागला की दारात रांग लागते.
अमेरिकेची लॉटरी.
चादरीपुढे बसा. चष्मा काढा. कान दिसू द्या.
हसू नका असं मी सांगत नाही,
तरी हसत कुणीच नाही.

लुबाबा पहिल्यांदा आली तेव्हा
जन्मतारखेपाशीच अडलो आम्ही.
"पागुमे सहा," ती म्हणाली.
फॉर्मात महिने बारा.
आमचा तेरावा, पाच दिवसांचा,
चार वर्षांतून एकदाच सहाचा,
तिथे मावत नाही.
"दुष्काळ होता का तेव्हा?" मी उगाच विचारलं.
"ओसरत होता. आई म्हणायची,
दुष्काळात तेरावा महिना, आणि त्यातही तू
उरल्यासुरल्या दिवशी."
मी बोटांवर हिशेब केला. अकरा सप्टेंबर.
"ही तारीख तिकडे कुणी विसरत नाही," म्हटलं.
तिला वाटलं, काहीतरी शुभ बोललो.
मी तसंच वाटू दिलं.

आडनाव?
बाप यिमर, त्याचा बाप अली, त्याच्या मागे
आणखी कितीतरी, पण आडनाव कुणालाच नाही.
मी यिमरला उचलून रकान्यात बसवलं.
जन्मात कोम्बोलचाच्या पुढे न गेलेला म्हातारा
मेल्यावर निघाला.

नवरा?
तिनं घडी उलगडून कागद दाखवला,
कबेलेचा शिक्का, मृत्यूची तारीख.
मुलं?
हयात आणि रहमेत बाकावर पाय हलवत बसलेल्या,
धाकटीच्या केसांत लोणी घातलेलं, त्याचा वास दुकानभर.
"दोन," ती म्हणाली.
मी दोन टाइप केलं.
"तीन," ती म्हणाली.

इन्द्रिस.
सोळाव्या वर्षी ओबोकच्या किनाऱ्यावरून होडीत बसला.
पलीकडे येमेन, त्याच्या पलीकडे सौदी,
आणि पाच महिने झाले,
फोन कुठूनच नाही.

नियम सांगणं माझं काम, सांगितले.
एकविशीच्या आतलं प्रत्येक मूल लिहायचं,
सोबत येणार असो वा नसो.
फोटो सहा महिन्यांच्या आतला.
लपवलं तर नंबर लागूनही दार बंद.
आणि मेलेलं मूल
लिहायचं नाही.

ती स्क्रीनकडे बघत राहिली, मी कीबोर्डकडे.
इतकं सरळ तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं,
ना मशिदीतल्या शेखनं, ना शेजारणींनी,
ना रात्री तिचं तिनं.
"आजच भरायला हवा का?"
"आजच असं नाही."
मुलींच्या फोटोंचे पैसे देऊन गेली.
मी नको म्हणत होतो.

पुढच्या तिकिम्तला आली. त्याच्या पुढच्याही.
तिसऱ्या वर्षी ओढणीच्या टोकातून फोटो सोडला:
शाळेचा गणवेश, वरचं बटण तुटलेलं,
डोळे नेमके मिटलेले.
"हा चालेल, गेताचेव?"
"जुना आहे," मी म्हटलं.
डोळ्यांचं काही बोललो नाही.
चौथ्या वर्षी रांगेत तासभर उभी राहिली
आणि पाळी आली तेव्हा
मागच्या पोराला म्हणाली, तू जा, मला घाई नाही.

यंदा हिशेब मीच करून ठेवला होता.
मेस्केरेममध्ये इन्द्रिसला एकवीस पुरी झाली.
"आता त्याचं विचारत नाहीत," मी सांगितलं.
"असला तरी?"
"असला तरी."
"नसला तरी?"
मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. भरत राहिलो.

चादरीपुढे बसली. ओढणी कानांमागे सारली.
फोटो एका फटक्यात आला, असा क्वचित येतो.
मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली,
"मुलं दोन लिही."

मी दोन लिहिलं
आणि पुढच्या रकान्यात गेलो नाही,
बोट बटणावर ठेवून थांबलो,
तिचा आवाज अजून यायचा होता असं वाटून.