बटनांची बदली

वरूडला, मोर्शी रोडवर,
दोन ट्रॉल्यांच्या मधून अंग चोरत ती आली
आणि माझ्या दुकानासमोर बसली.
उभी राहिली म्हणवत नाही, एवढी बुटकी.
दोन दारं. कधीकाळी लाल.
नागपूरच्या कुण्या डॉक्टरनं अकरा वर्षं ताडपत्रीखाली ठेवलेली,
संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या खोडस्करांनी
एका हंगामात उचललेली.

"सेकंडले टाकला का डावी काच खाली," ते म्हणाले.
"कोपर लागते न बाप्पा.
फाट्यापासून धूळ खात येतो आमी दोघं."

बटनं दोन, गिअरच्या मागं, दोन सीटांच्या मध्ये.
बनवणाऱ्याला वाटलं असेल, दोघांनाही पुरतील.
त्याला आमचे खड्डे कुठं ठाऊक,
आणि खोडस्करांचं कोपर.

मधला डबा उचकटला.
आत पेटीचे खिळे, पाऊण इंची, सात.
बडीशेप. संत्र्याची वाळलेली बी.
केसांची एक काळी क्लिप,
कुणाच्या काळातली, ते मी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही, खिशात टाकली.

मग वायरी. हिरवी, काळ्या रेघेची हिरवी,
निळी, आणि एक जिचा रंगच उडालेला.
मीटर लावला. टीं. नाही. टीं.
रौफचाचा बॅटरी हातात धरून शिकवायचे:
काचेच्या मोटरला दोनच तारा, बेटा.
चढायची वेगळी, उतरायची वेगळी, असं काही नसतं.
कोणाला आधी पाठवायचं, तेवढंच बटनाच्या हातात.

दाराच्या कब्ज्यातली रबरी नळी चिरलेली होती.
जुन्या मारुतीची लावली, साबणाचं पाणी लावून
चार तारा तिच्यातून ओढल्या,
सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर येते
तशी माझी आली.
भंगारातली दोन बटनं दारांवर बसवली, एकेक,
आणि तिसरं, डाव्या काचेचं, उजव्या दारावर.

अकरा चाळीसला लाईट गेली.
कैया हातात थंड होत गेला.
दोघं पायरीवर बसलो.
मी म्हटलं, मधली भोकं पत्र्यानं बुजवतो.

"उजवं बुजव. डावं राहू दे."
"काहाले? त्याले आता वायर नाही."
"वायर नको. बटन राहू दे."
बराच वेळ ते समोरच्या टायरवाल्याकडे बघत होते.
"साठच्या वर गेली का थे तिथं बोट ठेवते.
दाबत नाही. ठेवते फक्त.
मले म्हणत नाही, हळू घ्या."

लाईट आली दीड वाजता.
मेलेलं बटन परत जागेवर बसवलं,
एरवी ज्याला हात पुसून फेकतो
त्याला स्क्रू कसताना मी जास्तच जपलो,
आणि उगाच थिनरनं पुसलं.

ट्रायलला मी डावीकडे.
शेंदुरजनाघाटच्या रस्त्याला, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा,
गाडी जमिनीला इतकी लागून
की बकऱ्या आमच्याकडे वाकून बघत होत्या.
कोपर हललं, सेकंड पडला,
काच जागच्या जागी. खोडस्कर हसले नाहीत,
नुसती मान हलवली.

पुढं नाल्याचं वळण. त्यांनी हळू घेतली नाही.
माझं बोट कधी तिथं गेलं कळलं नाही,
दिवसभर ज्याच्या तारा मीच कापल्या होत्या
त्याच बटनावर. आणि मी दाबलं.

काच खाली गेली.

वारा, शेणखत, कुणीतरी फवारलेल्या औषधाचा वास,
सगळं एकदम आत.
मी बटनाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.
ते सरळ रस्त्याकडे बघत होते,
डावा हात स्टिअरिंगवर,
उजवा दाराशी.

"काम चांगलं झालं," ते म्हणाले.
मी हाओ म्हटलं.
काच वर घ्यायला दोघांपैकी कुणीच
हात हलवला नाही.