पुंगळ्या

पंचनाम्यात तिला पुंगळी म्हणतात.
उडालंच नसेल तर मात्र जिवंत काडतूस.
ज्यानं अजून काहीच मारलेलं नाही, ते जिवंत.
सदतीस वर्षं मी ह्या शब्दापाशी अडकलोय
आणि माझ्याकडे चारशे बारा पुंगळ्या आहेत.

मी पूर्णगडचा वायरमन, आता रिटायर.
लाइन गेली की शिडी, पकड, कोयती घेऊन
काजूंतून, कातळावरून खांब मोजत जायचो.
जाताना नजर वर, तारांवर.
येताना खाली.
पहिली मिळाली मेर्वीच्या घाटीत, चौदाव्या खांबापाशी,
बारा बोअरची, लाल कागदाची, दवानं फुगून
पितळी बुडातून सुटत आलेली.
आत मुंग्यांची अंडी होती.
त्या आपणहून जाईपर्यंत
आठ दिवस खिडकीत ठेवली.

मग बूड भिंगाखाली धरायचं,
कडेनं गोल फिरणारी अक्षरं वाचायची,
मधल्या टोपीवरचा पिनेचा खळगा बघायचा,
कुणाचा खोल, कुणाचा जरा सरकलेला.
खळग्यावरून मी बंदूक सांगतो.
हा बाबल्या गुरवाच्या दुनळीचा डावा घोडा.
ही भिकू मेस्त्रीची, जी दर निवडणुकीला
चौकीत जमा होते आणि गंजून परत येते.

औषधाच्या खोक्यात कापूस, कापसात पुंगळी,
खाली चिठ्ठी: तारीख, जागा, कोणी, कशावर.
शेवटचा रकाना, लागली की नाही.
बहुतेक नाही.
डुक्कर भात तुडवून गेलं,
वानरानं शहाळं फोडून वर खाली फेकलं.

हनिफ दर्वेशच्या जाळ्यात एकदा बांगड्यांबरोबर
लांब, बाटलीच्या मानेची एक आली, जुन्या युद्धातली,
अंगावर कालवं. "वायरमन, तुमचं म्हावरं घ्या."
टोकाला गोळी शाबूत. जिवंत.
चौकीत नेली तर जमादार म्हणाले, टाका परत दर्यात.
मी पावती मागितली.
दोनशे सहाव्या खणात ती पावती आहे.

एका दिवाळीला शालननं सगळी पितळं
आमसुलाच्या पाण्यात घासून ओळीनं मांडली,
देवाच्या उपकरणींसारखी.
हिरवा कळंक गेला, त्याबरोबर कितीतरी पावसाळे.
मी गप्प बघून म्हणाली,
"तपेल्याला चालतं, मग ह्यांना का नाही?"
ह्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

एक खण रिकामा आहे.
चिठ्ठी आहे. अश्विन वद्य द्वादशी, वरचा मळा,
आमचे आबा, भातात काही हललं म्हणून.
मी नववीत होतो, बॅटरी माझ्या हातात होती.
"कशावर" हा रकाना खूप वर्षं कोरा ठेवला,
मग पेन्सिलीनं लिहिलं: गोविंद भातडे.
शेवटच्या रकान्यात: लागली.
ती पुंगळी रत्नागिरीच्या कोर्टात गेली, मुद्देमाल, लाखेचं सील.
आबा सुटले. मळ्यावर परत चढले नाहीत.
पुढे मी अर्ज केला, मिळावी म्हणून.
विल्हेवाट लावण्यात आली, असं उत्तर आलं.

यंदा मे महिन्यात गोविंदाचा विश्राम
नातीला घेऊन आला, संग्रह बघायला.
पोरीनं एक उचलली, खालच्या ओठाला लावून फुंकली.
तरीवर तांडेल घालतो तशी शीळ.
दुसरी फुंकली. तिचा सूर निराळा.
चारशे बारा, आणि मी एकही कधी वाजवली नव्हती.

विश्राम रिकाम्या खणापाशी उभा.
चष्मा वर सरकवून चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.
"तारीख चुकलीय," म्हणाला.
"बारस नव्हे. धनतेरस होती.
आयेनं पणत्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या."

मी पेन्सिल आणून दिली.