सीमा ठरवा

वडगावच्या आमच्या गल्लीत
रात्री साडेदहाला इराप्पाचे माग थांबतात.
शेवटचा धोटा खट्ट करतो, मग इतकं शांत होतं
की बोळाच्या टोकाला कुणी कडी घातली तरी कळतं.
दिवसभर ओढून ओढून बसलेलं व्होल्टेज
हळूहळू उठून उभं राहतं.
तेव्हा मी लुंगी खोचून बाहेर येतो
आणि गाडीला वायर लावतो.

पहिले सहा महिने शंभर.
शंभर म्हणजे शंभर.
आम्ही भरणारी माणसं.
नळ येतो आठव्या दिवशी, तोही वेळ न सांगता,
आणि शालन घरातलं काही सोडत नाही:
हंडे, कळश्या, पिंप, कुकर,
नातवाची शाळेची बाटली.
मी बत्तीस वर्षं उद्यमबागेत, फौंड्रीत.
रस साच्यात वरपर्यंत यायला पाहिजे,
नाहीतर आत पोकळी राहते
आणि माल परत येतो.
मला कोण सांगणार, कमी भर म्हणून?

गौतमीनं सांगितलं.
दिवाळीला बेंगळूरहून आलेली,
पाणी प्यायला उठली आणि खिडकीतनं हिरवा दिवा बघितला.
"पप्पा, रोज शंभर करून लागलाय काय?
बॅटरीला भरून राहायला आवडत नाही.
आतनं ताण बसतो, उन्हात तर जास्तच.
तुमची धाव किती, मच्छेपर्यंत!
ऐंशीला थांबवा."
तिनं माझा फोन घेतला, दोनचार ठिकाणी दाबलं,
माझ्यासमोर धरला.
चार्जिंगची सीमा ठरवा.

सीमा.
मी हसलो. शालननं आतनं विचारलं, काय झालं?
ह्या शब्दावर आमच्या गल्लीत कोण हसत नाही.
माझ्या जन्माआधी कुणीतरी ठरवली ती,
अजून तारखा पडतात.
विजेचं बिल कानडीत येतं,
त्यातली रक्कम तेवढी मला वाचायला येते.
आणि हा फोन म्हणतो, बोट ठेव,
सरकव, तुझी तू ठरव.

ठरवली. ऐंशी.
मग एकदा अठ्ठ्याहत्तर करून बघितलं,
पुन्हा ऐंशी.
उगंच.
सरकते म्हणून.

पहिल्या रात्री झोप नाही.
दीडला दिवा विझला.
उरलेले वीस टक्के दारात उभे,
जेवायला न बसवलेल्या पाहुण्यासारखे.
शालन म्हणाली, करंट गेला काय?
नाही, म्हटलं, पोट भरलं तिचं.
एवढ्यात? म्हणाली
आणि अंधारात माझ्या पोटाकडं बघितलं असणार,
कारण हसली.

वरच्या गल्लीतल्या महांतेशनं
माझ्याच महिन्यात गाडी घेतली.
तो अजून काठोकाठ भरतो,
दुपारी पत्र्याखाली तापवत ठेवतो.
सर्व्हिसच्या पोरानं परवा आमच्या दोघांच्या बॅटऱ्या तपासल्या.
आकडा सांगत नाही.
महांतेश तेव्हापासून कंपनीला शिव्या देतोय.

आणि काल आजऱ्याला जायचं होतं,
शालनच्या बहिणीकडं.
गौतमी फोनवर म्हणाली, आज करा शंभर,
फक्त पहाटे पुरं होईल असं लावा
आणि झालं की लगेच निघा.
भरण्यात वाईट नाही, पप्पा.
भरून बसण्यात आहे.

पाचला दहा मिनिटं असताना शंभर झालं.
बॅग डिकीत, चपला पायात,
मी चाकाशी उभा.
आणि आत, मोरीत,
नळ खाकरला.
शालननं बॅगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
पदर खोचला.

पिंप भरलं. हंडे भरले. कुकर भरला.
अजून थोडं, म्हणाली.
मी पाइप धरून उभा,
उजाडायला लागलेलं,
इराप्पाचा पहिला माग सुरू झालेला,
आणि दारात ती,
शंभरावर,
बसून.