पूर्वेस चिंच

खानापूरच्या कोर्टात मी भाषांतर करते, पानामागे पैसे.
आज कागदांतून एक झाड आलंय.
'पूर्वेस चिंच, पश्चिमेस ओढा,
दक्षिणेस रवळू घाड्याचे रान'
असं नव्वद वर्षांपूर्वी कुणी मोडीत लिहिलं,
पुढे त्याचं कानडी झालं, हुणसे मर,
आणि ते कानडी आता माझ्याकडे,
परत मराठी करायला.

कामाच्या पहिल्या आठवड्यात 'मर' वाचून दचकले होते.
एवढ्या शांत खरेदीखतात
कोण कुणाला मर म्हणतंय?
आईचं माहेर हुक्केरी. तिच्या तोंडी झाड म्हणजे गिडा,
घर म्हणजे मनी.
मनी वसे ते स्वप्नी दिसे, बाबा म्हणायचे,
आणि मी समजायचे, जे घरात राहतं
तेच स्वप्नात येतं: पितळी तपेलं, मांजर, आत्या.
ती चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही.

साक्षीदार निंगव्वा तळवार, वय अंदाजे ऐंशी.
'खरे हेळतीन्‌री,' म्हणाली.
या एका शब्दावर मला कधीच काही सुटत नाही.
खरे इकडचं तसंच तिकडे,
उचलून ठेवायचं फक्त.
खोटं मात्र प्रत्येक भाषेत नव्याने जुळवावं लागतं.

'चिंच कुठे होती?' वकील मुतगेकर.
निंगव्वानं बोट वर केलं.
बोटाच्या टोकाशी छत, छतावर कौलं.
तिच्या दिरानं झाड तोडून विकलं कौलांच्या भट्टीला,
त्यातली काही कौलं इथलीच असतील म्हणते.
'गेली कुठे नाही विचारलं, बाई. होती कुठे?'
'गिडा इल्‌री ईग.'
मी म्हटलं, झाड आता नाही.
साहेबांचं पेन थांबलं.
'कोणतं झाड नाही?'

बघा की. नाही म्हणायला
आधी ते समोर आणून उभं करावं लागतं,
आणि उभं केलं की ते हलत नाही.
वादी म्हणतो, चिंच नाही तर ओळ खोटी, हद्द खोटी.
प्रतिवादी म्हणतो, खोटी कशी?
ज्यानं लिहिलं तो झाडाच्या सावलीत बसून लिहीत होता.
ओळ तीच आहे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.
खालची जमीनही तीच.
मग खरेपणा तेवढा कुठे गेला, भट्टीत?

दुपारी स्टँडवर चहा.
कंडक्टर ओरडतोय बेळगाव बेळगाव बेळगाव,
बसच्या कपाळावर बेळगावी.
तिकीट तेवढंच, उतरायचं तिथंच.
पण तुम्ही कोणतं म्हणता ते ऐकून
शेजारचा माणूस सरकून जागा देतो,
किंवा खिडकीतून बाहेर बघत राहतो.
एका गावाकडे दोन बोटं. गाव गावाच्या जागी.
बघणारे आमच्या बोटांकडेच बघतात.

तीन वाजता पुन्हा निंगव्वा.
कसली होती म्हणे ती चिंच, गोडसर की आंबट?
मुतगेकरांना ओळख पटवायची होती.
ती कानडीत सांगत सुटली.
हिरवा आकडा, वर मीठ, पाट्यावर ठेचलेली लाल मिरची,
बाळंतपणाआधी लपून खाल्लेला,
दात असे आंबलेले की दोन दिवस भाकरी चावली नाही.
डोळे मिटून तिनं जीभ टाळ्याला लावली. टक्‌.

आणि मी तोंड उघडायच्या आत
सगळ्या कोर्टानं आवंढा गिळला.
शिपाई, टायपिस्ट, ज्याला कानडी ओ की ठो येत नाही
तो वादी नरसू हुंदरेसुद्धा.
साहेबांनी ग्लासातलं पाणी घेतलं.
नसलेल्या झाडाची ओल
आम्हा अकरा जणांच्या जिभेखाली,
भाषांतर अजून व्हायचंच होतं.

हे नोंदवता येत नाही.
टायपिस्ट माझ्याकडे बघत होती, बोटं किल्ल्यांवर.
मी सांगितलं,
'पूर्वेस चिंच (सध्या नाही).'
कंसातल्या दोन शब्दांचे पैसे
मी बिलात धरलेले नाहीत.